डावीकडचा आरसा

अण्णा, रविवारी पुण्याहून एकजण तुमची गाडी बघायला येतोय. लग्नाआधीचे फोटो काढायला जुन्या गाड्या भाड्याने देतो म्हणे. आपल्या पद्मिनीच्या बॉनेटवर नवरीमुलगी बसवणार, तिच्या हातात फुगे देणार. तुम्ही असतात तर त्याला फाटकातूनच परत पाठवलं असतंत आणि वर मलाच विचारलं असतंत, "याला आत कुणी येऊ दिलं?"

विवेकलाही दोष देता येत नाही. तुमचा मुलगा असून त्याला गाड्यांचं वेड नाही, यात त्याचा काय गुन्हा? तेराव्याची माणसं गेली, सतरंज्या उचलल्या, आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, "मेधा, ती गाडी आता चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "एकटी?" इतकी वर्षं मी तुमची पद्मिनी चालवली, पण एकटीने कधीच नाही. डावीकडे तुम्ही असायचात.

तेव्हा मी असं ठरवलंय, की रविवारच्या आत एकदा एकटीने गाडी बाहेर काढायची. जमलं तर त्या पुणेकराला चहा पाजून वाटेला लावायचं. नाही जमलं तर बॉनेटवर फुगे. विवेकने बॅटरी चार्ज करून आणून बसवली. पण गाडी काढायची तर आधी डावीकडचा आरसा फिरवायला हवा, आणि तिथेच माझं घोडं अडलंय. रोज खाली जाते, गाडीवरचं कव्हर डाव्या बाजूने थोडं उचलते, आरशावर हात ठेवते आणि परत वर येते. तो आरसा तुमच्या नजरेला लावलेला आहे. तो फिरवला की तुम्ही त्या सीटवरून उठलात, असंच मला वाटतं. स्मशानातून आल्यावर वाटलं नाही, फोटोला हार घालताना वाटलं नाही, ते त्या आरशाशी वाटतं.

तुमच्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायचं नाकारलं, ती दिवाळी आठवते? भाऊबीजेला सगळे जमले होते. तुम्ही किल्ली घेऊन बाहेर आलात, विवेकने हात पुढे केला, आणि तुम्ही म्हणालात, "तू नको. तू गिअर टाकतोस की दार ढकलतोस तेच कळत नाही. मेधा, घे." माझ्या हातात करंजीचं ताट होतं. तुमची लेक म्हणाली, "अण्णा, तिला साधी स्कूटी धड स्टँडला लावता येत नाही." तुम्ही म्हणालात, "गाडीला स्टँड नसतो." झालं. चर्चा संपली. माझ्या माहेरी बायकांनी गाडीत मागच्या सीटवर बसायचं आणि डबा सांभाळायचा, असा रिवाज होता. त्या दिवशी करंजीचं ताट नणंदेच्या हातात देऊन मी किल्ली घेतली, तेव्हा माझे हात तुपाचे होते आणि तुम्ही तेवढ्यावरूनही बोललात.

मग ईदगाह मैदानावर तुमची शाळा सुरू झाली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर, माझी कमी उंची, बुडाखाली उशी. आणि तुमचा एकच मंत्र: "ताठ बस! पोक काढून भाजी निवडतात, गाडी चालवत नाहीत." वर्गात मी मुलांना दिवसभर ताठ बसा म्हणते आणि संध्याकाळी मला तेच ऐकावं लागतंय, याचा मला इतका राग यायचा! मी मुद्दाम आणखी वाकून बसायचे. तुम्ही मुद्दाम आणखी मोठ्याने ओरडायचात. मैदानात क्रिकेट खेळणारे खेळ थांबवून आपल्याकडे बघायचे.

गाडी घेतलीत तेव्हा तिला एकच आरसा होता, उजवीकडचा. डावी बाजू तुम्ही तोंडाने सांगायचात. रविवार कारंज्याच्या चौकात डावीकडून रिक्षा घुसल्या की तुमचं सुरू. "रिक्षा आहे, थांब. थांब म्हटलं ना! सायकल. म्हातारी आहे, जाऊ दे तिला. आता ये, ये, ये… डावी साफ!" ते 'डावी साफ' ऐकू येईपर्यंत माझा पाय हलायचा नाही. मागचे हॉर्न वाजवून आपल्या सात पिढ्या उद्धरायचे. घरी येऊन मी सासूबाईंकडे तक्रार करायचे, "हे नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं आहे." त्या म्हणायच्या, "अगं, मी चाळीस वर्षं शेळीच आहे." सासूबाई गेल्या आणि आपल्या दोघांचं भांडण ऐकून घेणारं घरात कुणी उरलं नाही. तरी आपण भांडत राहिलो.

त्यातलं मोठं भांडण आरशाचं. मी म्हणायचे, "अण्णा, डावीकडे एक आरसा लावू या." तुम्ही म्हणायचात, "कशाला? मी बसलोय ना." एकदा मी चिडून म्हटलं, "आणि तुम्ही नसलात तर?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "नसलो तर गाडी बाहेर काढायचीच कशाला?" मी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. परवा विवेकने "एकटी?" म्हटलं तेव्हा मला तुमचं हेच वाक्य ऐकू आलं. म्हणजे तुमच्याच शब्दाखातर गाडी द्यायची की काय, असं वाटून मी रडले. रागाने रडले, खरं सांगायचं तर.

मग तुमची मान धरली. गळ्याभोवती पट्टा आला. डावीकडे बघायचं तर तुम्ही कमरेपासून अख्खे वळायचात, तोवर सायकलवाला निघून गेलेला असायचा. शालीमार चौकात एका हातगाडीचा कोपरा दाराला लागला, ओरखडा उठला. तुम्ही उतरलात, ओरखड्यावर थुंकी लावलेलं बोट फिरवलंत आणि जणू तुम्हालाच नव्याने सुचलं असावं अशा थाटात म्हणालात, "डावीकडे आरसा घ्यायला हवा."

आणि तो घेणं म्हणजे मुलगी बघण्यासारखं. उजवीकडचा आरसा काढून, टॉवेलात गुंडाळून तुम्ही सारडा सर्कलच्या स्पेअरपार्टच्या दुकानांकडे निघालात, त्याच्याशी जुळवून बघायला म्हणून. गोल, क्रोमचा, पातळ दांडीचा. दुकानदाराने काळे प्लास्टिकचे आरसे काऊंटरवर मांडले. "काका, हा घ्या. सगळ्या गाड्यांना बसतो." तुम्ही म्हणालात, "असेल. हिला नाही बसायचा." मग चौकोनी आले, लांबट आले. एकेक घेऊन तुम्ही दुकानाबाहेर फुटपाथवर उभे राहायचात, आरसा गालाशी धरायचात आणि मला म्हणायचात, "मेधा, मागे जा. आणखी जा. तू ट्रक आहेस. आता ये." भर बाजारात मी, शाळेतली गणिताची बाई, ट्रक होऊन येत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा पालक समोरून गेला आणि नमस्कार करावा की नाही या विचारात पडला. तुम्ही आरशातूनच मला ओरडलात, "हॉर्न नको का ट्रकला?" तेव्हा मात्र मला हसू आवरलं नाही.

काचेवरून तर आपली ठिणगीच उडाली. मला फुगीर काच हवी होती, तिच्यात जास्त दिसतं. तुम्हाला सपाट. "फुगीर काचेत सगळं लांब वाटतं. लांब वाटलं की माणूस गाफील राहतो." मी म्हटलं, "पण अण्णा, रस्ता तरी जास्त दिसतो." तुम्ही म्हणालात, "जास्त बघून काय करायचंय? येतंय ते जेवढ्याला तेवढं दिसलं पाहिजे." मला आजही वाटतं की माझं बरोबर होतं. हे भांडण संपलेलं नाही, एवढंच लक्षात असू द्या.

त्या दिवशी आपण आरसा न घेताच परतलो. पुढे रफिकभाईंना सापडला. सातपूरला त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, तुमची कारखान्यातल्या नोकरीपासूनची ओळख. एका भंगारात निघालेल्या पद्मिनीचा आरसा त्यांनी जपून ठेवला होता, काच फुटलेला. क्रोम करून घेतलं, सपाट काच कापून बसवली. मग प्रश्न आला लावायचा कुठे. मला तो पुढे मडगार्डवर हवा होता, मान न वळवता दिसेल असा. तुम्ही म्हणालात, "पावसात पुसायला काय बॉनेटवर झोपायचं?" म्हणजे दारावर. पण दाराला भोक पाडायचं तुमच्या जिवावर आलं. क्लॅम्पने बसवा म्हणून अडून बसलात. रफिकभाई म्हणाले, "अण्णा, क्लॅम्प हलतो, काच थरथर करते. मागून एक ट्रक आला तर तुम्हाला दोन दिसणार. होल तर मारावाच लागंल." तुम्ही गॅरेजच्या दारापर्यंत गेलात, परत आलात. ड्रिल सुरू झाली तेव्हा आतल्या बाजूने दारावर पंजा ठेवून उभे राहिलात, सुई टोचताना मुलाचा हात धरतात तसे.

नट आवळायच्या आधी रफिकभाई मला म्हणाले, "भाभी, बसा स्टिअरिंगवर. तुमच्या नजरेला सेट करून देतो." मी बसले. तेवढ्यात डावीकडचं दार उघडून तुम्ही आत बसलात. "माझ्या नजरेला लाव." रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं. "अण्णा, मिरर ड्रायव्हरसाठी असतो." तुम्ही पट्टा सारखा करत म्हणालात, "ड्रायव्हरसाठी मी आहे." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मी त्या दिवशी रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये मोठ्याने म्हणाले. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. जगात आरसा असा दुसरा कुणी लावला असेल असं मला वाटत नाही.

त्यामुळे मला त्या आरशात मागचा रस्ता कधी दिसलाच नाही. मला दिसायचा रस्त्याचा काठ. दुकानांच्या उलट्या अक्षरांच्या पाट्या, रसवंतीची घुंगरं, दाराशी केस विंचरत बसलेली बाई. शनिवारी देवळाली कॅम्पला जाताना छावणीच्या कडेच्या चुना लावलेल्या विटा आणि झाडांचे बुंधे सरकत जायचे. रस्ता तुमच्याकडे होता, काठ माझ्याकडे. "मिलिटरीचा ट्रक, एक, मागे आणखी आहेत. त्यांना जाऊ दे. डावी साफ." मी तुमचं ऐकत चालवायचे आणि मधूनच आरशातला काठ बघायचे. मग बाजारातल्या बेकरीतून खारी, गाडीतच बसून कटिंग, आणि परत.

आता जे कधी बोलले नाही ते बोलते. अण्णा, त्या शनिवारांसाठी मी आठवडा ढकलायचे. घरात मला सगळे काही ना काही मागत असतात, शाळेतही मागतात. त्या गाडीत मला कुणी काही मागत नसे. तुम्ही नुसती आज्ञा करायचात आणि आज्ञा पाळणं हे मागणी पुरवण्यापेक्षा किती हलकं असतं, ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत त्याबद्दल मी आभार मानले नाहीत. तुम्हीही इतक्या वर्षांत एकदासुद्धा "छान चालवलीस" म्हणाला नाहीत. फार तर उतरल्यावर बॉनेटवर थाप मारायचात, "आज गाडी खूश होती." मी त्या थापेवर समाधान मानायचे, पण खोटं कशाला बोलू, वाट बघायचे. शेवटपर्यंत बघितली.

शेवटच्या शनिवारी तुम्ही म्हणालात, "आज नको. दम लागतोय." मी कुरकुरले, घरातली खारी संपलीय म्हणून. पुढच्या आठवड्यात दवाखाना. स्ट्रेचरवरून नेताना लिफ्टपाशी वॉर्डबॉयने ट्रॉली वळवली, तोंडावर मास्क असताना तुम्ही हात उचललात आणि पुटपुटलात, "डावीकडे खांब आहे." तो पोरगा घाबरून थांबला. खरंच खांब होता. विवेक आणि मी तिथल्या तिथे हसलो, आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आज शनिवार आहे. सकाळी मी मन घट्ट केलं. किल्ली घेतली, ड्रॉवरमधला पाना घेतला, खाली गेले. अख्खं कव्हर काढलं. डाव्या दाराशी उभी राहून पाना नटाला लावला आणि हात पुढे होईना. तेवढ्यात फाटकातून आपली मंदा आली, स्वयंपाकाला. तिला तुम्ही चांगले ओळखता, तुमच्या बिनमिठाच्या भाजीत चोरून मीठ टाकणारी.

"काय करताय वहिनी?"

"आरसा फिरवतेय. अण्णांच्या नजरेला लावलेला आहे ना."

मंदाने पिशवी खाली ठेवली. "आता कुठं त्यांच्या नजरेला? तुमच्याच नजरेला करून ठेवलाय की त्यांनी."

मी पाना खाली घेतला. मग ती सांगू लागली. "दवाखान्यात न्यायच्या आधी, दोनचार दिवस झाले असतील. तुम्ही शाळेत गेल्या व्हत्या. मी पोळ्या करत व्हते, तर खालून हाका, मंदाऽ मंदाऽ. मला वाटलं पडले का काय! पिठाचे हात तसेच घेऊन पळत आले. तर म्हणे, बस गाडीत. मी म्हटलं, कुठं जायचं अण्णा? म्हणे, कुठं नाय, नुसती बस. त्या तिकडं, चाकाम्होरं. तुमची ती उशी पण ठिवली खाली. मी तर लय घाबरले, चालू झाली म्हंजी?"

"पण तुलाच का बसवलं?"

"तुमची नि माझी उंची सारखीच हाय म्हणे. मग ते हिकडं उभं राहून आरसा फिरवत्यात नि मला इचारत्यात, काय दिसतं? मी म्हटलं, पाण्याची टाकी. आता? भिंत. आता? भिंतच. आता? मांजर. लय चिडले माझ्यावर. म्हणले, मांजर नको सांगू, फाटक दिसतं का ते सांग. मग एकदाचं फाटक दिसलं. तवा पान्यानं नट आवळला. दम लागला व्हता त्यांना, पायरीवरच बसले. मी पाणी आणून दिलं."

"मंदा, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगू नको म्हणले ना. म्हणले, तिचं तिला दिसू दे. आत्ता सांगितलंस तर डोक्यावर चढून बसंल." मग पिशवी उचलता उचलता ती थांबली. "आन् म्हणले, आता तिला कुणी सांगायची गरज नाय. चांगली चालवते."

अण्णा, काय माणूस होतात तुम्ही! हे मला सांगायला तुमची जीभ झिजली असती? सांगितलंत ते मंदाला, पिठाच्या हातांनिशी माझ्या उशीवर बसवून. मी तिथेच डाव्या दाराला टेकून रडले. मंदाने मला रडू दिलं, मग म्हणाली, "आता जावा. कुकर मी लावते."

मी वळसा घालून गेले, उशीवर बसले, डावीकडे बघितलं. आरशात फाटक नव्हतंच. फाटकाचं वरचं टोक आणि बाकी सगळं आभाळ. क्षणभर वाटलं, तुमचा हात थरथरला असणार, चुकलंच शेवटी. मग लक्षात आलं, मी नेहमीसारखी वाकून बसलेय. पाठ सरळ केली, मान वर केली. आभाळ वर सरकलं आणि फाटक आलं, फाटकापलीकडचा रस्ता आला, दूधवाल्याची मोटारसायकल आली, जेवढ्याला तेवढी.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मागे घेताना फाटकापाशी पाय आपोआप थांबला, मी वाट बघत राहिले. कुणी काही बोललं नाही. मग आरशात बघितलं आणि मीच मोठ्याने म्हटलं, "डावी साफ."

हे आजचं पान मी कॅम्पच्या बाजारात, गाडीतच बसून लिहितेय. शेजारच्या सीटवर खारीचा पुडा आहे. पुण्याचा माणूस उद्या आला की त्याला चहासोबत हीच खारी देईन, आणि फाटकापर्यंत सोडायला जाईन.

एक मात्र सांगते, अण्णा. मंदा माझ्यापेक्षा बोटभर उंच आहे. तुमचा आरसा तेवढाच चुकलाय. पाना गाडीतच आहे, नट सैल करून जरा खाली वाकवला की झालं. पण नाही वाकवणार. मीच ताठ बसेन.